हॉटेलात तारीख कधी बदलते?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मरोळला अनुवादाचं काम होतं आणि आयोजकांनी राहायची सोय सहार विमानतळाजवळच्या एका साखळी हॉटेलात केली होती. नागपूरहून रविवारी, ११ तारखेला रात्री साडेदहाला मुंबईत पोहोचायचं होतं. पण आमचं विमान आधी दिल्लीहून नागपूरला यायचं होतं, आणि दिल्लीत धुकं होतं. हॉटेलच्या काउंटरपाशी उभी राहिले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. सहीसाठी कागद पुढे आला. कागदावर तारीख ११, माझ्या मोबाइलवर १२.

"तारीख चुकलीय," मी म्हटलं.

"नाही मॅडम," काउंटरवरचा मुलगा जांभई दाबत म्हणाला, "आमची तारीख अजून बदललेली नाही."

डोळे मिटत होते, तरी हे वाक्य डोक्यात अडकलं. मग पुढचे सात दिवस काम सांभाळून मी तिथल्या लोकांना प्रश्न विचारत राहिले. खोलीचा दर रोज वेगळा का, दाराला माझी मुदत संपल्याचं कसं कळतं, धावपट्टी खिडकीतून दिसते तरी विमान ऐकू कसं येत नाही. बहुतेक उत्तरं फिरून त्या मुलाच्या वाक्याशीच येत होती.

हॉटेलचं पंचांग

खरं तर आपल्याला हे नवीन वाटायला नको. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पण आपला वार सूर्योदयाला बदलतो. सोमवारी पहाटे चारला जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेत जोशीबुवा रविवारच लिहितात. हॉटेलचंही असंच स्वतःचं पंचांग असतं. तिथला दिवस बाराच्या ठोक्याला संपत नाही. रात्रपाळीचा माणूस तो संपवतो, तेव्हा संपतो.

या कामाला 'नाइट ऑडिट' म्हणतात. बहुतेक हॉटेलांत ते रात्री दोन ते चारच्या सुमारास होतं. दिवसभराचं जेवण, लाँड्री, खोलीभाडं यांचा ताळा जुळवायचा, भरलेल्या प्रत्येक खोलीच्या खात्यावर एका रात्रीचं भाडं आणि कर चढवायचा, आणि मग संगणकाची तारीख एक दिवस पुढे ढकलायची. दुकानदार गल्ला मोजून शटर ओढतो, तोच हा प्रकार. हॉटेलला शटर नसतं, म्हणून सगळ्यात कमी वर्दळीची वेळ धरून कागदावरच शटर ओढायचं.

याचे परिणाम मात्र खरे असतात. 'आज येणार' या यादीतला जो माणूस ऑडिटपर्यंत उगवला नाही, त्याच्या नावापुढे 'नो-शो' असा शिक्का पडतो. पुष्कळ ठिकाणी मग त्याची फक्त पहिली रात्र जात नाही, पुढचं सगळं बुकिंगच रद्द होतं. माझं वाचलं, कारण आयोजकांपैकी एका काकांनी अकरा वाजता फोन करून 'बाई उशिरा येतील, पण येतील' असं सांगून ठेवलं होतं.

याच्या उलट फजितीही होते. समजा मी १२ तारखेचं बुकिंग घेऊन त्याच वेळी पोहोचले असते. कॅलेंडरप्रमाणे माझं बरोबर होतं. पण हॉटेलच्या लेखी मी जवळजवळ बारा तास लवकर आले असते, कारण १२ तारखेची खोली १२ च्या दुपारी दोनला मिळते. मग दोनच वाटा: लॉबीतला सोफा, नाहीतर आदल्या रात्रीचं भाडं. आखात आणि युरोपातली बरीच विमानं मुंबईत मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरतात, त्यामुळे सहारच्या काउंटरांवर हा वाद जवळजवळ रोजचाच असतो.

शिळी होणारी रात्र

पंचांगाचा एवढा काच कशासाठी? कारण हॉटेल खोली विकत नाही, रात्र विकतं. खोली उद्याही तिथेच असते. आजची न विकलेली रात्र मात्र उद्या विकता येत नाही. सुटलेल्या एसटीतल्या रिकाम्या सीटचं तिकीट कोण घेणार?

मग भाजीवालीसारखं करावं, नाही का? संध्याकाळ झाली की मेथीची जुडी निम्म्या भावात. हॉटेलही दिवस मावळताना दर पाडत असेल, असं मला वाटत होतं. म्हणून मी रोज ॲपवर माझ्यासारख्याच खोलीचा भाव बघू लागले. रविवारचा साधारण साडेचार हजार होता. मंगळवारी तीच खोली सात हजारांवर. आणि गुरुवारी संध्याकाळी सातला नऊ हजारांच्या पुढे! जुडी सुकत चालली आणि भाव चढत चालला.

यातलं पहिलं कारण सोपं आहे. सीप्झ, मरोळ एमआयडीसी, वांद्रे-कुर्ला संकुल या भागात कामाला येणारी मंडळी सोमवारी येतात आणि शुक्रवारी परततात. त्यामुळे मंगळवार-बुधवार भरलेले, रविवार ओस. लोणावळ्याच्या हॉटेलांचं गणित याच्या बरोबर उलटं.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. भाजीबाजारात संध्याकाळी उरतो तो घासाघीस करणारा, वेळ असलेला गिऱ्हाईक. विमानतळाजवळ संध्याकाळी उगवतो तो अडलेला. विमान रद्द झालेलं, हातात पहाटेचं नवं तिकीट, सोबत पेंगुळलेली मुलं. दर बघून तो परत जाणार नाही. त्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार विलंब २४ तासांच्या वर गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर प्रवाशांच्या राहण्याची सोय विमान कंपनीनं करायची असते. नियमाला अपवाद आहेत, पण एका विमानाचे प्रवासी एकदम खोल्या मागायला लागले की काय होतं ते मी गुरुवारी पाहिलं. दिल्लीत पुन्हा धुकं पडलं होतं.

तेव्हा आज स्वस्तात विकावं, की महाग गिऱ्हाईक येईल म्हणून थांबावं? हापूसच्या व्यापाऱ्याला हा पेच चांगला ठाऊक असतो: आज पेटी काढली तर कमी भाव, ठेवली तर कदाचित जास्त, कदाचित आंबा उतरलेला. या पेचाचं नेमकं गणित १९७२ मध्ये केन लिटलवूड यांनी मांडलं. ते बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत होते. नियम साधा आहे. समजा एकजण आत्ता ४,००० रुपये द्यायला तयार आहे आणि उशिरा येणारा कुणीतरी ८,००० देऊ शकेल. असा कुणीतरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटत असेल तर खोली राखून ठेवा, कमी वाटत असेल तर समोरच्याला देऊन टाका. १९८० च्या दशकात अमेरिकी विमान कंपन्यांनी यावर मोठी यंत्रणा उभी केली, आणि तिथून ती हॉटेलांत आली. आता ही शक्यता संगणक मांडतो. गेल्या वर्षांचे आकडे, सुट्ट्या, प्रदर्शनं, शेजारच्या हॉटेलाचा दर, असं सगळं बघून तो दिवसातून कितीतरी वेळा भाव बदलतो. काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. तो भाव ठरवत नाही, फक्त वाचून दाखवतो.

बिलात आणखी एक खाच आहे, आणि ती हॉटेलनं खणलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की पूर्ण भाड्यावर १८ टक्के. म्हणजे ७,४०० च्या खोलीचे करासह ७,७७० होतात आणि ७,६०० च्या खोलीचे ८,९६८. दोनशे रुपयांच्या फरकाला जवळपास बाराशेचा भुर्दंड. कर रात्रीगणिक लागतो, त्यामुळे आठवडाभराच्या एकाच बिलात काही रात्री ५ टक्क्यांच्या आणि काही १८ टक्क्यांच्या असू शकतात.

पाचशे पत्रिका, चारशे पानं

लग्नाच्या पाचशे पत्रिका वाटल्या तरी जाणता आचारी चारशे पानांचाच स्वयंपाक धरतो. सगळे येत नाहीत, हे त्याला अनुभवानं माहीत असतं. हॉटेलही हेच करतं. शंभर खोल्या असतील आणि रोज चार-पाच जण ऐनवेळी गळत असतील, तर ते एकशे तीन खोल्या विकतं. बहुतेक रात्री हिशेब जुळतो. एखाद्या रात्री मात्र सगळे येतात.

तेव्हा तिघांना शेजारच्या हॉटेलात पाठवलं जातं. या धंद्याच्या भाषेत 'वॉक करणं'. चांगलं हॉटेल अशा वेळी तिथलं भाडं आणि टॅक्सी स्वतः भरतं. पण पाठवायचं कुणाला? सहसा सर्वांत उशिरा आलेल्याला, त्यातही एका रात्रीसाठी स्वस्तात बुकिंग केलेल्याला. मला हा प्रकार मनापासून खटकतो. आचाऱ्याचा अंदाज चुकला तर तो भात पुन्हा चढवतो. हॉटेलला खोली चढवता येत नाही, आणि अंदाज चुकल्याची शिक्षा रात्री एक वाजता दमून आलेल्या माणसाला होते.

---

चौकट: काउंटरवर कानी पडणारे शब्द

नाइट ऑडिट: रात्रीचा हिशेब. तो संपला की हॉटेलची तारीख बदलते.
नो-शो: बुकिंग करून न आलेला. उशिरा येणार असाल तर कळवा, नाहीतर तुम्हीही यातच.
डे-यूज: फक्त दिवसापुरती खोली, रात्रीपेक्षा कमी दरात. लांब थांबा असेल तर मागून बघा.
रेव्हपार: रात्रीच्या एकूण खोलीभाड्याला सगळ्या खोल्यांनी, रिकाम्या धरून, भागलं की येणारा आकडा. १०० पैकी ७० खोल्या ५,००० नं गेल्या तर रेव्हपार ३,५००. मालकाची नजर याच्यावर असते.

---

एका दिवसात दोन रात्री

माझ्या मजल्यावर सकाळी अकराला निम्म्या दारांवर 'त्रास देऊ नका'ची पाटी असायची. आत वैमानिक आणि हवाई कर्मचारी झोपलेले. विमान कंपन्या अशा हॉटेलांशी करार करतात: रोज इतक्या खोल्या, वर्षभर, ठरलेल्या कमी दरात. खानावळीतले महिनेवारी मेंबर जसे. त्यांच्याकडून नफा थोडा सुटतो, पण चूल त्यांच्या जोरावर पेटते.

कर्मचाऱ्यांची रात्र विमानाच्या वेळेप्रमाणे असते. पहाटे चारला आले, दुपारी दोनला गेले. खोली साफ करून तीच संध्याकाळी दुसऱ्या कुणाला देता येते. म्हणून विमानतळाजवळच्या हॉटेलात एखाद्या दिवशी शंभर खोल्या असून एकशे दहा विकल्या गेल्याची नोंद सापडते, आणि ती चूक नसते.

याचा भार पडतो तो खोल्या आवरणाऱ्यांवर. एका पाळीत एका माणसाच्या वाट्याला साधारण बारा ते सोळा खोल्या येतात. माझी खोली आवरणारे दादा म्हणाले, "ताई, तुमच्यासारखा आठवडाभर राहणारा पाहुणा परवडतो. जाणाऱ्याची खोली म्हणजे सगळंच उलथंपालथं." मुक्कामी पाहुण्याची चादर रोज बदलत नाहीत. निघालेल्याची खोली मात्र मुळापासून उभी करावी लागते. चादरी पांढऱ्या का, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं: सगळ्या एकत्र ब्लीचमध्ये टाकता येतात आणि रंग जायची भीती नसते. प्रत्येक पलंगामागे निदान तीन संच लागतात. एक अंगावर, एक धुलाईत, एक कपाटात.

दाराला कसं कळतं?

आयोजकांनी आधी पाच रात्रीच घेतल्या होत्या. काम लांबणार हे दिसल्यावर बुधवारीच त्यांनी आणखी दोन रात्री वाढवल्या आणि काउंटरनं 'झालं' म्हणून सांगितलं. तरी शुक्रवारी दुपारी बारा वाजून गेल्यावर मी जेवून वर आले, तर कार्ड लावल्यावर लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. खाली सगळे गोंधळले, कारण त्यांच्या संगणकात मी रविवारपर्यंत होते. दाराला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं.

बहुतेक हॉटेलांत दारावरचं कुलूप कशालाच जोडलेलं नसतं. ना वायर, ना इंटरनेट. आत साधे पेन्सिल सेल, एक घड्याळ आणि थोडीशी स्मृती. रेल्वेच्या पासाचं बघा. टीसी तुमचा पास खरा की खोटा हे विचारायला कुणाला फोन करत नाही. पासावर 'अमुक तारखेपर्यंत' लिहिलेलं असतं, ते वाचतो. कुलूपही तेच करतं. काउंटरवरच्या यंत्रानं कार्डात खोलीचा क्रमांक आणि मुदत सांकेतिक भाषेत लिहिलेली असते. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. कुलपातून निघणाऱ्या क्षीण रेडिओलहरींतून आतली चिप क्षणभरापुरती वीज घेते आणि आपला मजकूर सांगते. माझ्या कार्डावर 'शुक्रवार, दुपारी १२' लिहिलेलं होतं. संगणकात रविवार केलं म्हणून खिशातल्या पासावरची तारीख बदलत नाही. कार्ड पुन्हा लिहून घेतल्यावर हिरवा दिवा लागला.

कार्ड हरवलं तर? नव्या कार्डावर आधीच्यापेक्षा पुढची खूण असते. कुलपानं ती एकदा वाचली की जुनं कार्ड बाद. यातली मेख अशी की अनेक प्रकारच्या कुलपांत नवं कार्ड दाराला लावेपर्यंत जुनं चालूच राहतं. म्हणून नवं मिळाल्याबरोबर आधी वर जाऊन दार उघडायचं, चहा नंतर.

या कार्डांची सुरुवात नॉर्वेतल्या तूर सोर्नेस यांनी १९७० च्या दशकात केली. त्यांच्या प्लास्टिकच्या कार्डावर ३२ जागा होत्या. प्रत्येक जागी भोक पाडायचं किंवा नाही. बत्तीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला की ४२९ कोटींहून जास्त जोड्या होतात. पितळी किल्ली हरवली की कुलूप बदलावं लागायचं. इथे नुसती भोकं बदलली की झालं.

विमान दिसतं, ऐकू येत नाही

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. एकाच पट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. माझ्या खिडकीतून ती दिसत होती, पण मूकपटासारखी.

काच जाड असते एवढंच कारण नाही. तिथे दोन काचा असतात, मध्ये हवेची पोकळी, आणि बहुधा दोन्ही काचांची जाडी वेगळी. हे मुद्दाम केलेलं असतं. दोन तंबोरे एकाच सुरात लावले आणि एक छेडला, तर दुसरा आपोआप गुणगुणतो. सारख्या जाडीच्या काचाही एकाच सुराला सारख्याच थरथरतात आणि तो सूर आत येऊ देतात. जाडी वेगळी ठेवली की एकीची कमजोरी दुसरी झाकते. एखादी काच दोन पापुद्र्यांची असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ थर, म्हणजे थरथर तिथेच जिरते.

आणि खिडकी उघडत का नाही? खिडकीच्या एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट राहिली, तर बाकीची काच कितीही भारी असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. १० डेसिबल घटले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे २० ला चौथाई. विमानाच्या चौथाई आवाजातही झोप लागत नाही. पाण्याप्रमाणेच आवाजालाही बारीकशी फट पुरते.

अशी हॉटेलं बुटकी का, हेही खिडकीतूनच कळतं. विमानतळाच्या डोक्यावर एक अदृश्य छत असतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या धावपट्टीभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत ते विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर असतं, आणि पट्टीच्या कडेला तर उतरत्या छपरासारखं जमिनीकडे येतं. ४५ मीटर म्हणजे फार तर चौदा-पंधरा मजले. हॉटेलची जमीन उंचावर असेल तर आणखी कमी. वर जाता येत नाही म्हणून हॉटेल आडवं पसरतं, आणि लिफ्टपासून खोलीपर्यंत आगगाडीच्या डब्यांसारखा लांबलचक बोळ चालावा लागतो.

इतकी शांतता असूनही पहिल्या रात्री मी टक्क जागी होते. त्याचं कारण इमारतीत नव्हतं. ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि परक्या आवाजांना चटकन सावध होतो. अर्धा मेंदू राखणीला. त्याच जागी पुन्हा झोपवल्यावर हा फरक उरला नाही. महत्त्वाचं काम असेल तर एक रात्र आधी पोहोचावं, हा जुन्या माणसांचा सल्ला एकूण बरोबरच होता.

पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची

साखळी हॉटेल म्हणजे एकाच कंपनीची सगळी हॉटेलं, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा इमारत एका बिल्डरची असते, पाटी ब्रँडची, आणि रोजचा कारभार कधी ब्रँडकडे, कधी तिसऱ्याच कंपनीकडे. ब्रँड नाव देतो, बुकिंगची यंत्रणा देतो आणि एक जाडजूड नियमावली देतो. गादी किती जाड, टॉवेल किती वजनाचा, फोन किती वेळा वाजायच्या आत उचलायचा. त्याबद्दल उत्पन्नातला हिस्सा घेतो.

ही कल्पना अमेरिकेतल्या केमन्स विल्सन यांच्यामुळे फोफावली. १९५१ मध्ये ते बायकामुलांसह वॉशिंग्टनला निघाले. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला वेगळा दर्जा, आणि मुलांचे वेगळे पैसे. वैतागून त्यांनी १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं 'हॉलिडे इन' काढलं: कुठेही जा, खोली तशीच. आपल्याकडे टाटांच्या इंडियन हॉटेल्सनं २००४ मध्ये बंगळूरात 'इंडीवन' नावानं मधल्या खिशाला परवडणारं हॉटेल सुरू केलं, तेच पुढे 'जिंजर' झालं. या सारखेपणाला लोक नाकं मुरडतात. मला रात्री अडीच वाजता तो फार प्रेमळ वाटला: दिव्याचं बटण जिथे असावं तिथेच होतं. नाश्त्याच्या पोह्यांबद्दल मात्र बोलायला नको. नागपूरच्या माणसानं तिथे तर्रीची वाट बघू नये.

रविवारी, १८ तारखेला बारा वाजता खोली सोडली. बिल सात रात्रींचं, पहिली ओळ ११ तारखेची, आणि आता मला त्यात चूक दिसत नव्हती. तुमचं विमान मध्यरात्रीनंतर उतरणार असेल तर बुकिंग आदल्या तारखेचं घ्या. मग हॉटेलला, ॲपला नव्हे, स्वतः फोन करा आणि दोन्ही तारखा बोलून दाखवा: "११ ची रात्र, १२ ची पहाट, अडीच वाजता येतेय." फोन उचलणाऱ्याचं नावही विचारून ठेवा.